बारीक लेकराचं काय बिघडतंय?

मायबापहो,

शाळेत कुणी पालक आले, की लेकराच्या हातातल्या खाऊच्या पाकिटाचा विषय मी काढतेच. त्यावर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, "बाई, बारीक तर आहे ते. खाऊ द्या, तेवढंच अंगाला लागंल." जाडजूड शहरी पोरांना या खाण्याचा त्रास होत असेल, आपल्या काटक लेकरांना काय होणार, असं त्यामागे असतं. बोलताना आईच्या चेहऱ्यावर काळजीच दिसते. लेकरू नीट जेवत नाही, निदान हे तरी पोटात जातंय, असा तिचा विचार. आज मला नेमक्या याच समजुतीबद्दल बोलायचं आहे. बारीक लेकराला या खाण्यापासून जास्त जपायला हवं. हे परदेशातल्या कुणाचं म्हणणं नाही. आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याजवळच्या खेड्यांत, तुमच्यासारख्या शेतात राबणाऱ्या घरांत वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन जे दिसलं, त्यावरून सांगते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे मधुमेहाचे डॉक्टर. पुस्तकात लिहिलेला मधुमेही उतारवयाचा आणि स्थूल, पण त्यांच्याकडे येणारे रुग्ण त्या मानाने तरुण आणि अंगाने बेताचे. असं का, या प्रश्नाचा त्यांनी पाठपुरावा केला. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या शास्त्रज्ञांच्या सोबतीने पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू झालं. बाया गरोदर राहायच्या आधीपासून त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांचं सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास होतं, आणि गरोदरपणातही शेतातलं काम, पाणी भरणं, सरपण आणणं सुटत नव्हतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची जन्मली. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपल्या बाळांच्या हातापायांवर मांस कमी होतं, पोटातले अवयवही लहान होते. पण कातडीखालची चरबी मोजली, तर ती जवळपास इंग्रज बाळाइतकी टिकून होती! दुष्काळ सोसलेलं घर आधी कणगी भरून ठेवतं, भिंतीची डागडुजी मागून बघतं, तसंच आईच्या पोटात उपास सोसलेलं हे शरीर वागतं. वरून किडकिडीत दिसतं, आत चरबी साठवायची त्याची तयारी झालेली असते.

याच गोष्टीवरून डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन यूडकिन यांचा एक फोटो जगभर गाजला. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. उंची-वजनाच्या हिशेबात दोघंही अगदी सारखे, दोघांचा बीएमआय २२.३. यंत्रावर चरबी मोजली तेव्हा यूडकिन यांच्या अंगात ९ टक्के भरली आणि याज्ञिकांच्या अंगात २१ टक्के.

पुढे त्या सहा गावांतली लेकरं मोठी झाली. अठराव्या वर्षी त्यांचं रक्त तपासलं. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर वाढलेली निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आणि तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्या मुलामुलींचं वजन असायला हवं त्याहून कमी होतं. "बारीक तर आहे," हेच त्यांच्याही घरी म्हटलं गेलं असणार.

आता आपल्या बीडकडे या. दसरा-दिवाळी उरकली, की शिरूर, पाटोदा, धारूर, वडवणी, केज, आष्टी, कुठल्याही तालुक्यात बघा, गावंच्या गावं रिकामी होतात. उचल घेतलेली असते, मुकादमाची गाडी येते, नवरा-बायकोचा एक कोयता धरून टोळ्या ऊसतोडीला सांगली-कोल्हापूर-कर्नाटकाकडे निघतात. तिथे पोटुशी बाईसुद्धा मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून नऊ महिने भरत आले तरी ती फडात असते. तिचं लेकरू लहानखुरं जन्मलं, तर त्यात तिचा काडीचाही दोष नाही. पण त्या लेकराचं शरीर कुठल्या मुशीतून आलंय, एवढं आपण सगळ्यांनी ओळखायला हवं. असं शरीर भाकरी-वरणावर, शेंगदाण्यावर, दुधावर चांगलं पोसतं. साखर, मैदा आणि पामतेलाचा रोजचा मारा मात्र त्याला सोसवत नाही.

आणि पाकीट नेमकं याच लेकरांच्या वाट्याला सगळ्यांत जास्त येतं. कोपीवर पहाटे तीन-चारला उठायचं, अंधारात फडावर पोचायचं. चूल पेटवायला वेळ कुठला? चहात बुडवलेलं बिस्कीट हीच लेकराची न्याहारी. आई परत येईपर्यंत तेच धाकट्याला, तेच थोरल्याला. जी लेकरं मागे गावात आज्जीजवळ राहतात, त्यांची तऱ्हा वेगळी, पण पाकीट तेच. आज्जीचे गुडघे धरलेले, तिच्याने दोनदा चूल होत नाही. लेकरू आईच्या आठवणीने रडायला लागलं, की ती कनवटीचे पाच रुपये काढते. दुकान चार पावलांवर. दारातच रंगीत पाकिटांच्या माळा लोंबतात, त्याही बरोब्बर लेकराच्या डोळ्यांसमोर येतील इतक्या खाली. आई फोनवर विचारते, "काय खाल्लं रं?" आणि होळी-पाडव्याला घरी येताना पिशवीभर पुडे घेऊन येते. सहा महिन्यांची माया तिला एकदमच द्यायची असते. या पाच रुपयांत किती जीव असतो, ते मला दिसतं. म्हणून "बाईनं पोराला बिस्किटावर वाढवलं" असं कुणी कुत्सितपणे म्हणालं, तर मला राग येतो. ज्यांना तिचा दिवस माहीत नाही, त्यांनी तिला बोल लावू नये.

पाकीट म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगते, नाहीतर सगळंच बाहेरचं खाणं वाईट असा अर्थ निघेल. ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेइरो हे अनेक वर्षं घराघरांतली खरेदी तपासत होते. लोक घरी तेल, साखर, मीठ पूर्वीपेक्षा कमी आणत होते, तरी लठ्ठपणा आणि मधुमेह वाढत होता. साखर-तेल कमी झालेलं नव्हतं, ते आता तयार मालात दडून घरात येत होतं. २००९ मध्ये त्यांनी सुचवलं, की कुठलाही जिन्नस आधी कारखान्यात त्याचं काय केलंय त्यावरून ओळखावा. ज्वारी, दूध, अंडी हे एक. तेल, गूळ, मीठ हे दुसरं. लोणचं, खारवलेले शेंगदाणे, ताजा पाव ही तिसरी जात. आणि चौथी जात अशी, की ज्यात मूळ धान्य फोडून त्याचा स्टार्च, तेल, साखर वेगळी काढायची आणि रंग, वास, चव घालून पुन्हा नवा पदार्थ उभा करायचा. घरच्या स्वयंपाकघरात कधीच नसतात अशा वस्तू ज्यात आहेत, तो चौथ्या जातीचा. तुमच्या कुरडया, पापड, सांडगे, येसर यांना कुणी हात लावत नाही. ते घाला, खुशाल घाला.

मी सातवीच्या मुलांकडून पाकिटांची मागची बाजू वाचून घेते. अक्षरं इतकी बारीक, की पोरं ती उन्हात, दारापाशी नेऊन वाचतात. जो जिन्नस सगळ्यांत जास्त वजनाचा, तो आधी लिहायचा असा नियम आहे. बिस्किटाच्या पुड्यावर मैदा पहिला, साखर दुसरी, पामतेल तिसरं, हे पोरांनीच शोधून काढलं. शंभर ग्रॅम बिस्किटांत साधारण पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे चौथा हिस्सा. पुड्याचं नाव ग्लुकोजचं, त्यामुळे आपल्याला वाटतं यात ताकद आहे. कुरकुरीत नळ्यांच्या पाकिटावर मक्याचं पीठ, तांदळाचं पीठ, पामतेल, मग मीठ, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, आणि शेवटी ६२७, ६३१ असे आकडे. "बाई, हे रोल नंबर कुणाचे?" असं एकानं विचारलं. ते चव वाढवणारी रसायनं ओळखायचे क्रमांक आहेत. त्यांना सरकारची परवानगी आहे, तेवढ्यानं कुणाला विषबाधा होत नाही. त्यांचं काम वेगळं आहे: पाकीट संपलं तरी हात पुन्हा पाकिटात जावा.

तो हात खरंच थांबत नाही, याची परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या सरकारी आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी वीस माणसं संस्थेतच ठेवून घेतली. दोन आठवडे कारखानी खाणं, दोन आठवडे साधं रांधलेलं. दोन्हीकडे समोर ठेवलेल्या ताटातली साखर, मीठ, चरबी, चोथा सारखाच राहील अशी काळजी घेतली, आणि सांगितलं की पोट भरेल तेवढं खा. कारखानी खाण्यावर माणसांनी रोज सुमारे पाचशे कॅलरी जास्त खाल्ल्या, म्हणजे आपल्याकडच्या दोन-अडीच भाकरींएवढं. दोन आठवड्यांत जवळपास किलोभर वजन वाढलं, साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. २०१९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मऊ, चावायला न लागणारं खाणं झरझर पोटात जातं. पोट भरल्याची खबर मेंदूला पोचेपर्यंत पाकीट रिकामं झालेलं असतं.

आजारांबद्दल बोलायचं, तर २०२४ मध्ये ब्रिटनच्या 'बीएमजे'मध्ये जवळपास ९९ लाख लोकांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला. असं खाणं जास्त असणाऱ्यांत हृदयविकारानं मरण्याचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी आणि मधुमेहाचा १२ टक्क्यांनी जास्त दिसला. चिंता आणि मनाच्या तक्रारींशीही नातं दिसलं. अशा अभ्यासांतून "यामुळेच हे झालं" असं शंभर टक्के सिद्ध होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण बोट एकाच दिशेला दाखवणारे इतके अभ्यास असताना स्वतःच्या लेकरावर प्रयोग कशाला करायचा? आपल्या देशात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. "शुगर निघाली" हे वाक्य आता वाड्यावस्त्यांवर ऐकू येतं. शुगरची गोळी आयुष्यभर चालते, आणि हातावर पोट असलेल्या घरात ती पहिली चुकते. फडात पायाला उसाचं पाचट कापलं आणि अंगात साखर वाढलेली असेल, तर ती जखम भरता भरत नाही. त्या कुटुंबाचं पुढचं मी तुम्हाला सांगायला नको, तुम्ही बघितलेलं आहे.

सगळ्यांत आधी तान्ह्या बाळांचं बघा. सहावा महिना लागला, की बिस्कीट दुधात कालवून भरवायची चाल घरोघर पडली आहे. सोपं पडतं, बाळ पटकन गिळतं. पण जिभेची गोडी याच वयात ठरते. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला जास्त साखर-मिठाचं खाणं आणि गोड पेयं देऊच नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलंय. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, मुगाच्या वरणात भाकरी कुस्करून, वर तूप नसेल तर शेंगदाण्याचं बारीक कूट घालून द्या. पहिले चार दिवस बाळ थुंकेल. थुंकू द्या, पुन्हा द्या.

बारीक लेकरांच्या घरात आणखी एक वस्तू हटकून दिसते, दुधात घालायची ताकदीची पावडर. रोजगार हमीवर जाणारी आईसुद्धा पोटाला चिमटा घेऊन तिचा डबा आणते. यातल्या काही पावडरींत तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास साखर असते. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना सांगितलं, की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका, कारण कायद्यात असा प्रकारच नाही. त्या डब्याच्या पैशात अंडी येतील, नाहीतर जास्तीचं दूध.

आणि मोठ्या पोरांच्या बापांनो, तुम्हालाही. वीस रुपयांची ती एनर्जीची बाटली पिऊन पोरं क्रिकेट खेळतात. बाटलीवरच छापलेलं असतं, की लहान मुलांनी आणि गरोदर बायांनी हे पिऊ नये. चष्मा लावून एकदा वाचा.

माझ्या मनाला सगळ्यांत लागणारी गोष्ट वेगळीच आहे. डबा उघडताना काही मुलं झाकण अर्धवट धरून जेवतात, आत ज्वारीची भाकरी दिसू नये म्हणून. शेजारच्याचं पाकीट कसं ऐटीत, फट्‌कन आवाज करून उघडलेलं. भाकरी गरिबाची आणि पाकीट पुढारलेल्याचं, हे त्यांना कुणी शिकवलं? टीव्हीनं, मोबाइलनं, आणि थोडंसं आपणही. पाहुणे आले की आपण बशीत बिस्किटं मांडतो आणि मुरमुऱ्यांचा सुशीला करायला लाजतो. ज्या ज्वारीसाठी शहरातले लोक आता दामदुप्पट मोजतात, ती आपल्या रानात पिकते. बालाघाटाच्या डोंगरातल्या बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपण ती पाट्या भरभरून व्यापाऱ्याला घालतो, आणि त्याच पैशातून पोरांना फळाचा नुसता वास असलेलं रंगीत पाणी घेऊन देतो. पाटीतली चार फळं आधी घरात ठेवा ना. डाग पडलेली, जरा जास्त पिकलेली ठेवली तरी चालतील. गोडीला तीच सरस.

घरात काय ठेवायचं, हे तुम्हाला शिकवायला मी कोण? फक्त पैशाचं गणित मांडते. रोज पाच रुपयांची दोन पाकिटं, महिन्याचे तीनशे रुपये. तेवढ्यात दोन किलो शेंगदाणे सहज येतात. खमंग भाजून डब्यात भरले, की आज्जीलाही उठावं लागत नाही, मूठभर काढून दिले की झालं. सोबत गुळाचा खडा चालेल, पण लहानच, कारण गूळही साखरेचाच भाऊ. हरभऱ्याच्या नाहीतर मटकीच्या घुगऱ्या सकाळी शिजवल्या, की संध्याकाळपर्यंत लेकरं येता-जाता खातात. शिळी भाकरी ताकात कुस्करून, कधी फोडणी देऊन. धपाटी प्रवासाला दोन दिवस टिकतात, म्हणून तोडीला निघताना ती बांधायची जुनी रीत होती. ती मोडू नका. पुण्याच्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली होती: ज्या गरोदर बायांच्या जेवणात पालेभाजी, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जन्मताना जास्त भरली. घरात सून किंवा लेक पोटुशी असेल, तर भाजीचा पहिला वाढा तिच्या ताटात पडू द्या. उरलंसुरलं तिनं खायचं, ही रीत मात्र मोडाच.

पाकीट एका दिवसात बंद करायला जाऊ नका, आणि त्यावरून लेकराला मारू तर मुळीच नका. मारलं की ते लपून खातं. आठवडी बाजाराच्या दिवशी एकदा मिळेल असं ठरवा आणि ठरलेलं पाळा. आज्जीला दोष देऊ नका, तिच्याशी आधी बोला. तोडीवरून पैसे पाठवता तेव्हा दुकानदारालाही फोन करून सांगा, की माझ्या पोराला उधारीवर पाकीट देऊ नको, केळी दे. तोही गावातलाच आहे, ऐकतो.

काही गोष्टी एकट्या घराच्या हातातल्या नाहीत. २०२५ च्या सप्टेंबरात बिस्किटं आणि फरसाणावरचा कर ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे पाकीट आणखी स्वस्त पडतं. चिली देशात २०१६ पासून जास्त साखर-मिठाच्या पाकिटावर काळा शिक्का छापावाच लागतो, न वाचता येणाऱ्या आईलाही तो कळतो. आपल्याकडे तशी सक्ती अजून झालेली नाही. पण जे हातात आहे, ते मोठं आहे. शाळेत आणि शाळेच्या आवारापासून पन्नास मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. आणि शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा जागा तुमच्या, पालकांच्या आहेत. नियम तुमच्या बाजूनं आहे, ठराव तुम्ही मांडायचा. वाढदिवसाला चॉकलेटं वाटायची पद्धत बंद करून केळी किंवा चिक्की वाटायची, एवढा ठराव केला तरी पहिलीची पोरं दुसऱ्या वर्षी ती आपलीच रीत समजतात.

तोडीला निघायच्या आधी समितीची एक बैठक लावून घेऊ. गाड्या भरायला लागल्या, की कुणालाच वेळ मिळत नाही, म्हणून दसऱ्याच्या आधीची तारीख धरा. लेकरू मागे ठेवणार असाल तर आज्जी-आजोबांना सोबत आणा, सोबत नेणार असाल तर ते कोपीवर काय खाईल ते तिथेच बोलून ठरवू. हंगामी वसतिगृहात नाव घालायचं असेल, तर तेही त्याच दिवशी सांगा. बायांना सवड होत नसेल तर बाप्यांनी या. लेकराला रोज काय खायला देता तेही सांगा, आणि घरात पडलेली दोन-चार रिकामी पाकिटं खिशात घालून आणा. वाचायला सातवीची पोरं आहेत.